घरच्या बॅकअप सर्व्हरवर फाइली हळू जातात? नेमकं अडलंय कुठे, ते असं शोधा

२०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी सांगलीत शिरलं, तेव्हा बाबांच्या फोटो स्टुडिओतले खालचे दोन कप्पे पाण्याखाली गेले. त्यांत सीडी आणि डीव्हीडी होत्या. लोकांची लग्नं, मुंजी, बारशी. काहींच्या घरचे अल्बमही त्याच पाण्यात गेले होते, त्यामुळे ते आमच्याकडे विचारायला आले आणि आमच्याकडेही काही उरलं नव्हतं. त्यानंतर मी ठरवलं, की सगळं काम घरी वरच्या मजल्यावर, स्वतःच्या सर्व्हरवर ठेवायचं. जुना डेस्कटॉप, दोन हार्ड डिस्क आणि त्यावर ओपनमीडियावॉल्ट, म्हणजे घरच्या सर्व्हरसाठीची लिनक्सवरची मोफत प्रणाली. एका रविवारात सर्व्हर उभा राहिला.

पहिल्याच रात्री १ टीबीचा फोल्डर टाकायला घेतला आणि वेग दिसला सेकंदाला ११ एमबी. त्या हिशेबानं चोवीस तासांहून जास्त. मला वाटलं डिस्क जुनी आहे, म्हणून नवी एसएसडी आणली. फरक पडला नाही. मेमरी वाढवली, तरी नाही. दोष निघाला जिन्याच्या भिंतीतून वर गेलेल्या लॅन वायरीत, आणि तो ११ हा आकडा पहिल्या रात्रीपासून तेच सांगत होता. मला तो वाचता येत नव्हता.

पाटाच्या टेलला पाणी पोचेनासं झालं की मोटर नवी घेऊन उपयोग नसतो. वरून खाली चालत यावं लागतं आणि कुठे फुटलंय ते बघावं लागतं. इथेही तेच करायचं आहे. मोजल्याशिवाय काहीही विकत आणू नका, एवढं एक पाळलंत तरी बरेच पैसे वाचतील.

एक सूचना. खाली कमांडची नावं उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत. टाइप करताना ती अर्थातच इंग्रजी अक्षरांत करायची. "उणे" म्हणजे अक्षराआधीची छोटी आडवी रेघ.

काय काय जवळ हवं

- कंपनीतूनच दोन्ही टोकं बसवून आलेली कॅट-५ई किंवा कॅट-६ लॅन केबल, दोन-तीन मीटर. ही तुमची "भरवशाची वायर". ती फक्त तपासणीसाठी बाजूला ठेवा.
- चार-पाच जीबीची एकच मोठी व्हिडिओ फाइल.
- लॅन पोर्ट असलेला लॅपटॉप. पोर्ट नसेल तर यूएसबी ३.० चा गिगाबिट अडॅप्टर.
- सर्व्हरचा आयपी पत्ता आणि अ‍ॅडमिनचा पासवर्ड.
- सर्व्हरवर आयपर्फ३ (नेटवर्कचा वेग मोजायला), एथटूल (जोडणीचा वेग बघायला) आणि स्मार्टमॉनटूल्स (डिस्कची तब्येत बघायला) ही तीन मोफत साधनं. डेबियन किंवा उबंटू या लिनक्सच्या प्रकारांवर ॲप्टनं एका ओळीत बसतात. आयपर्फ३ लॅपटॉपवरही लागेल.
- वही आणि पेन. प्रत्येक मोजणी तारखेसह लिहा. दुसऱ्या दिवशी "काल किती होतं?" हा प्रश्न पडतोच.

## १. आधी आकडा वाचायला शिका

सगळ्यात जास्त गोंधळ होतो तो बिट आणि बाइटचा. वायर, राउटर आणि इंटरनेट कंपन्या वेग मेगाबिटमध्ये सांगतात. कॉपी करताना विंडोज दाखवतं ते मेगाबाइट, म्हणजे आपण ज्याला एमबी म्हणतो ते. आठ बिटांचा एक बाइट. म्हणून १०० मेगाबिटच्या वायरीतून सेकंदाला १२.५ एमबीच्या वर काहीही जाऊ शकत नाही, आणि मधला खर्च वजा जाता हाती येतात ११ ते ११.८. १००० मेगाबिट, म्हणजे गिगाबिट जोडणीत कमाल १२५ एमबी. प्रत्यक्षात ११० ते ११३ मिळाले की ती जोडणी ठणठणीत आहे असं समजा.

आता मोठी व्हिडिओ फाइल सर्व्हरवर टाका आणि निदान दोन मिनिटं आकडा बघत बसा. सुरुवातीचे काही सेकंद धरू नका, तो आकडा खोटा असतो (का, ते पाचव्या पायरीत येईल). स्थिरावलेला वेग लिहून घ्या आणि असा वाचा:

- ११ ते ११.८ वर घट्ट चिकटलेला, वरखाली न होणारा: कुठेतरी १०० मेगाबिटची जोडणी आहे. थेट तिसरी पायरी.
- ३० ते ४० च्या दरम्यान: डिस्क यूएसबी २.० वर चालली असण्याचा मोठा संशय. पाचवी पायरी.
- ३ ते ३० मध्ये सतत हेलकावे: बहुधा वाय-फाय.
- आधी ११०, पाच-दहा मिनिटांनी २० किंवा त्याहूनही कमी: डिस्कचा प्रकार किंवा डिस्कचं आजारपण.
- मोठी फाइल ११० नं जाते, फोटोंचा फोल्डर मात्र ५ नं: बिघाड नाही. सातवी पायरी वाचा.

हा अंदाज आहे, निकाल नव्हे. पण कुठून सुरुवात करायची हे तो सांगतो.

## २. फाइलीचा रस्ता कागदावर काढा

लॅपटॉपची डिस्क, लॅपटॉपचा पोर्ट, वायर, राउटर किंवा स्विच, पुन्हा वायर, सर्व्हरचा पोर्ट, सर्व्हरचा प्रोसेसर, सर्व्हरची डिस्क. आपल्या घरातला खरा रस्ता काढा, मनातला नको. मी काढला तेव्हा कळलं की स्टुडिओतला लॅपटॉप वायरीला जोडलेला असूनही त्याचं वाय-फाय चालूच होतं, आणि सर्व्हरलाही दोन पत्ते होते, एक वायरीचा आणि एक वाय-फायचा. सर्व्हरवरच्या सामायिक फोल्डरला, म्हणजे शेअरला, जोडताना मी वाय-फायचा पत्ता टाकला होता. तपासणी संपेपर्यंत दोन्हीकडचं वाय-फाय बंद ठेवा.

## ३. वायर: सगळ्यात जास्त वेळ इथे द्या

लॅन वायरीत आठ तारा असतात, दोन-दोनच्या चार जोड्या. १०० मेगाबिटला फक्त दोन जोड्या लागतात, पहिल्या, दुसऱ्या, तिसऱ्या आणि सहाव्या पिनवरच्या. म्हणजे नेहमीच्या रंगक्रमानं केशरी आणि हिरवी. निळी आणि तपकिरी जोडी गिगाबिटलाच लागते. आता समजा तपकिरी जोडीतली एक तार तुटली. काय होईल? इंटरनेट चालेल, व्हिडिओ कॉल चालतील, कुठेही लाल दिवा लागणार नाही. दोन्ही टोकांची उपकरणं आपसांत ठरवून मुकाट्यानं १०० वर उतरतात. घरचा इंटरनेट प्लॅनही १०० मेगाबिटचाच असेल, तर स्पीड टेस्टमध्येसुद्धा दोष दिसणार नाही. हे वर्षानुवर्षं लपून राहतं ते याच कारणानं.

जोडणी किती वेगानं झाली आहे ते असं बघा. विंडोजवर सेटिंग्जमध्ये नेटवर्क, त्यात इथरनेट उघडा. लिंक स्पीड नावाची ओळ दिसेल. सर्व्हरवर एथटूल या नावापुढे नेटवर्क कार्डाचं नाव लिहून चालवा आणि स्पीडची ओळ वाचा. दोन्हीकडे १००० यायला हवं. एकीकडे १०० आलं, तर त्या टोकापासून राउटर किंवा स्विचपर्यंतच्या तुकड्यात दोष आहे. अर्धं काम इथेच झालं.

मग भरवशाची वायर बाहेर काढा. सर्व्हर उचलून राउटरजवळ आणा आणि त्या छोट्या वायरीनं जोडा. आकडा १००० झाला तर जुनी वायर दोषी. नाही झाला तर पोर्ट दोषी किंवा पोर्टच १०० चा.

वायरीत सापडणाऱ्या गोष्टी, मी स्वतः पाहिलेल्या:

मध्ये दिलेला जोड. आमच्याकडे वायर दीड मीटर कमी पडली होती. वायरिंग करणाऱ्यानं केसिंग पट्टीच्या आत तारा पिळून टेप लावली, नेट चालतंय हे बघितलं आणि पट्टी बंद केली. चारच तारा जोडल्या होत्या. बाकीच्या चार नुसत्या दुमडून ठेवल्या होत्या. लॅन वायरीला असा जोड देऊ नये. कमी पडली तर अख्खी बदला.

अ‍ॅल्युमिनियमची वायर. स्वस्त वायरींत अ‍ॅल्युमिनियमच्या तारेवर तांब्याचा मुलामा असतो. टोक ब्लेडनं खरवडा. आत चंदेरी दिसलं तर ते तांबं नव्हे. अशी वायर वाकवली की मोडते, आणि लांब अंतरावर दगा देते. विकत घेताना "प्युअर कॉपर आहे का" हे विचारा आणि बिलावर लिहून घ्या.

रंगक्रमाची चूक. एका टोकापासून: पांढरा-केशरी, केशरी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. दोन्ही टोकांना हाच क्रम. निळ्याची जोडी हिरव्याच्या मध्ये येते, इथेच बहुतेक जण चुकतात. "सरळ जोड्या लावल्या तरी दोन्हीकडे सारख्याच आहेत ना" हे पुरेसं नाही. पिळाची जोडी मोडली की तारा एकमेकींचे सिग्नल बिघडवतात.

जॅकमधला गंज. पावसाळ्यात खिडकीजवळच्या पोर्टात धातूच्या पट्ट्या हिरवट पडतात. नवं टोक क्रिंप करा, म्हणजे पकडीनं दाबून बसवा.

कॅट-७, कॅट-८ च्या मागे लागू नका. गिगाबिटला १०० मीटरपर्यंत चांगली कॅट-५ई पुरते. नवीन ओढतच असाल तर कॅट-६ ओढा, बस.

आता राउटर. फायबर कनेक्शनबरोबर येणाऱ्या बऱ्याच डब्यांवर सगळे पोर्ट गिगाबिट नसतात. एक गिगाबिट आणि बाकीचे १०० चे, असं अगदी सर्रास दिसतं. पोर्टाशेजारी जीई आणि एफई अशी इंग्रजी अक्षरं छापलेली असतात. एफई म्हणजे १००. लॅपटॉप जीईमध्ये आणि सर्व्हर एफईमध्ये असेल, तर वायर कितीही चांगली असली तरी ११ च मिळणार. यावर सोपा उपाय म्हणजे पाच पोर्टांचा साधा गिगाबिट स्विच. लॅपटॉप आणि सर्व्हर दोन्ही स्विचला जोडा आणि स्विचमधून एक वायर राउटरला. मग दोघांमधली वाहतूक राउटरकडे जातच नाही, आणि तो कितीही जुना असला तरी फरक पडत नाही.

एक सापळा: आकडा १०० दिसला म्हणून नेटवर्क कार्डाच्या सेटिंगमध्ये वेग हातानं ठरवून देऊ नका. तांब्याच्या वायरीवर गिगाबिटची जोडणी ठरते ती दोन्ही टोकांच्या वाटाघाटीनंच. एका टोकाला १०० फुल डुप्लेक्स (एकाच वेळी दोन्ही दिशांनी) असं सक्तीनं ठेवलंत आणि दुसरं टोक ऑटोवर राहिलं, तर ते हाफ डुप्लेक्स (एका वेळी एकाच दिशेनं) धरून बसतं, आणि वेग आधीपेक्षाही खाली जातो.

## ४. डिस्क बाजूला ठेवून फक्त नेटवर्क मोजा

आयपर्फ३ दोन संगणकांत नुसता डेटा ढकलतं. डिस्कला हातच लावत नाही, म्हणून त्याचा निकाल स्वच्छ असतो. सर्व्हरवर आयपर्फ३ पुढे उणे-एस लिहून चालू ठेवा. लॅपटॉपवर आयपर्फ३, उणे-सी आणि सर्व्हरचा आयपी पत्ता. दहा सेकंदांत आकडा येतो. मग त्याच ओळीच्या शेवटी उणे आणि मोठा आर जोडून उलट्या दिशेनं मोजा. जोडणीच होत नसेल तर फायरवॉलमध्ये ५२०१ हा पोर्ट उघडा (हा वायरीचा नव्हे, सॉफ्टवेअरमधला पोर्ट).

९३० ते ९४० मेगाबिट आलं तर नेटवर्क निर्दोष आहे. त्याबद्दलचा संशय मनातून काढून टाका आणि पुढे चला. ९४ च्या आसपास आलं तर तिसरी पायरी पुन्हा. एका दिशेनं ९४० आणि दुसऱ्या दिशेनं जेमतेम २००, असं असेल तर वायरीचं टोक किंवा नेटवर्क कार्डाचा ड्रायव्हर बघा. पाठवतानाच्या निकालात रेट्र नावाचा रकाना असतो, त्यात पुन्हा पाठवाव्या लागलेल्या तुकड्यांची संख्या येते. घरच्या वायरीवर ती शून्याच्या जवळच राहायला हवी.

सर्व्हर म्हणून रास्पबेरी पाय हा तळहाताएवढा संगणक वापरत असाल तर मॉडेल बघा. पाय ३ बी चा पोर्ट १०० मेगाबिटचाच आहे. ३ बी प्लसवर गिगाबिट लिहिलेलं असलं तरी तो पोर्ट आतून यूएसबी २.० वरून जातो, त्यामुळे ३०० मेगाबिटच्या आसपास अडतो. खरं गिगाबिट आलं ते २०१९ च्या पाय ४ पासून.

वाय-फायवरच कॉपी करायची असेल, तर निदान एक बाजू वायरीवर असू द्या. दोघंही एकाच राउटरच्या वाय-फायवर असतील तर प्रत्येक तुकडा हवेतून दोनदा जातो, एकदा राउटरपर्यंत आणि एकदा तिथून पुढे. वेग निम्मा होतो. पहिला मोठा बॅकअप तर वायरीवरच करा. रोजची भर नंतर ५ गिगाहर्ट्झच्या वाय-फायवर चालून जाते.

## ५. आता डिस्क

मोठी फाइल सर्व्हरच्या स्वतःच्या सिस्टिम एसएसडीवर आणून ठेवा आणि तिथून बॅकअपच्या डिस्कवर, सर्व्हरच्या आतल्या आत, कॉपी करून वेळ मोजा. कॉपी संपल्यावर सिंक ही कमांड चालवा आणि ती परत येईपर्यंतचा वेळ धरा. हे महत्त्वाचं आहे, कारण लिनक्स फाइल आधी मेमरीत घेतं आणि "झालं" म्हणतं. डिस्कवर ती मागाहून जाते. सुरुवातीचे सेकंद खोटे असतात ते यामुळेच. सिंक न चालवता मोजलंत आणि फाइल मेमरीपेक्षा लहान असेल तर सगळीच मोजणी खोटी.

या कामासाठी डीडी ही कमांड सुचवली जाते. ती मी नवख्यांना सांगत नाही. एक अक्षर चुकलं आणि डिस्कच्या नावावर शून्यं लिहिली गेली, तर ज्यासाठी हा सगळा खटाटोप केला तेच पुसलं जाईल. वाचनाचा वेग हवा असेल तर एचडीपार्म, उणे लहान टी. ती काही लिहीत नाही.

चांगली ३.५ इंची डिस्क रिकामी असताना सेकंदाला १५० एमबीच्या पुढे लिहिते. भरत गेली की वेग उतरतो, कारण चकतीच्या आतल्या वर्तुळात एका फेरीत कमी डेटा बसतो. शेवटी तो जवळपास निम्म्यावर येतो. हा बिघाड नव्हे. ९० टक्क्यांच्या वर मात्र भरू देऊ नका.

एसएमआर डिस्क. आधी जोरात, मग अचानक १०-२० एमबी, मध्येच शून्य, पुन्हा थोडं, असा आलेख दिसला तर याचा संशय घ्या. या डिस्कमध्ये डेटाचे पट्टे कौलांसारखे एकमेकांवर थोडे चढवलेले असतात, म्हणून कमी खर्चात जास्त जागा मिळते. पण मधला एक पट्टा बदलायचा तर त्याच्यावर चढलेले सगळे पुन्हा लिहावे लागतात. डिस्ककडे थोडी राखीव जागा असते, तोवर वेग टिकतो, ती भरली की बसतो. कोणत्या डिस्कमध्ये हे तंत्र आहे हे खोक्यावर लिहिलेलंच असेल असं नाही. वेस्टर्न डिजिटलनं रेड मालिकेतल्या २ ते ६ टीबीच्या काही डिस्क एसएमआर असल्याचं २०२० साली मान्य केलं, आणि नंतर जुन्या पद्धतीच्या, म्हणजे पट्टे न चढवलेल्या सीएमआर डिस्कना रेड प्लस असं वेगळं नाव दिलं. म्हणून डिस्क घेण्याआधी तिचा पूर्ण मॉडेल क्रमांक घेऊन कंपनीच्या माहितीपत्रकात सीएमआर लिहिलं आहे का ते बघा. आधीच एसएमआर आहे? टाकून देऊ नका. एकदा भरून बाजूला ठेवायच्या जुन्या कामासाठी ती चालते. RAID मध्ये, म्हणजे अनेक डिस्क एकत्र जोडून चालवायच्या पद्धतीत, मात्र घालू नका (यालाही रेडच म्हणतात, वरच्या रेड मालिकेशी त्याचा संबंध नाही). डिस्क बदलताना पुनर्बांधणीला दिवसच्या दिवस लागतात.

यूएसबीची डिस्क. निळ्या पोर्टात लावली आहे का, आणि केबलही ३.० ची आहे का, दोन्ही बघा. सर्व्हरवर एलएसयूएसबी, उणे-टी चालवलं की डिस्कपुढे ४८० किंवा ५००० असा आकडा येतो. ४८० म्हणजे २.० वर चालली आहे. केबल बदला, पोर्ट बदला.

विंडोजची डिस्क तशीच लावली? एनटीएफएस फाइल सिस्टिम लिनक्सवर जुन्या एनटीएफएस-३जी मार्गानं चालते तेव्हा प्रोसेसर खाते, आणि अशक्त सर्व्हरवर वेग तिथेच अडतो. कायमच्या सर्व्हरला लिनक्सची स्वतःची ईएक्सटी४ बरी. पण फॉरमॅट म्हणजे सगळं पुसणं. आधी डेटा दुसरीकडे ठेवा, तो उघडून बघा, मगच.

आणि वेगाचा विचार थोडा वेळ सोडून, स्मार्टसीटीएल, उणे लहान ए आणि डिस्कचं नाव, हे एकदा चालवाच. तीन ओळी वाचा. क्रमांक ५ हा बदललेल्या सेक्टरांचा, १९७ हा संशयित सेक्टरांचा. या दोन्हींच्या शेवटच्या रकान्यात शून्य हवं. १९७ वाढत असेल तर डिस्क एकच जागा पुन्हा पुन्हा वाचायचा प्रयत्न करते आहे, आणि हळूपणाचं कारण तेच आहे. मग वेग वाढवायचा नाद सोडा आणि आजच्या आज डेटा दुसऱ्या डिस्कवर हलवा. १९९ वाढत असेल तर बहुतेक वेळा डिस्क बरी असते, डिस्क मदरबोर्डला जोडणारी साटा केबल खराब असते. केबल बदलल्यावर तो आकडा कमी होत नाही, पण वाढायचा थांबतो.

## ६. प्रोसेसर दमतोय का

कॉपी चालू असताना सर्व्हरवर टॉप ही कमांड उघडून ठेवा, कोणता प्रोग्राम प्रोसेसर किती वापरतो ते ती दाखवते. एसएमबीडी (फाइल शेअर चालवणारा प्रोग्राम) किंवा एसएसएचडी (एसएसएच ही सुरक्षित जोडणी चालवणारा) हे नाव १०० टक्क्यांना टेकलं असेल, तर एक कोर पूर्ण गुंतला आहे. चार कोर आहेत म्हणून निश्चिंत राहू नका, एका कॉपीचं काम बहुधा एकाच कोरवर पडतं.

नेहमीचं कारण एन्क्रिप्शन, म्हणजे डेटा कुलूपबंद करून लिहिणं किंवा पाठवणं. इंटेलच्या प्रोसेसरांत एईएस या एन्क्रिप्शनच्या पद्धतीसाठी खास सोय आली २०१० च्या सुमारास. त्याआधीच्या कोअर टू ड्युओसारख्या मशिनवर एन्क्रिप्ट केलेली डिस्क किंवा एसएसएचमधून जाणारी कॉपी रखडते. पाय ४ मध्येही ही सोय नाही, पाय ५ मध्ये आहे. आरसिंक हे बदललेल्या फाइली तेवढ्या पाठवणारं साधन वापरत असाल तर ते एसएसएचमधूनच जातंय का बघा. घरातल्या घरात आरसिंकची स्वतःची सेवा किंवा विंडोजला दिसणारा साधा सांबा शेअर पुरतो. पण बाहेरून, इंटरनेटवरून जोडणार असाल तर एन्क्रिप्शन काढू नका. तिथे हळू चाललेलं चांगलं.

आणखी एक. आरसिंकच्या ओळीत झेड हे अक्षर असेल तर काढा. ते डेटा दाबून पाठवतं. फोटो आणि व्हिडिओ आधीच दाबलेले असतात, त्यामुळे घरच्या वायरीवर नुसता प्रोसेसर तापतो.

## ७. हजारो छोट्या फाइली

व्हॉट्सअ‍ॅपचा फोल्डर, थंबनेल, वेबसाइटच्या फाइली. प्रत्येक फाइलीसाठी सर्व्हरला विचारायचं, नाव तयार करायचं, लिहायचं, बंद करायचं, तारीख लावायची. फाइलीमागे १० मिलिसेकंद जरी जादा गेले, तरी ४०,००० फाइलींमागे ४०० सेकंद फक्त या शिष्टाचारात जातात. त्यात फिरत्या डिस्कची सुई सारखी इकडून तिकडे. इथे ११० एमबी कधीच मिळणार नाही, आणि त्यासाठी वायर बदलूनही उपयोग नाही.

जे बदलणार नाही ते वर्षवार एका टार किंवा झिप फाइलीत बांधा. आम्ही प्रत्येक लग्नाचे अंतिम फोटो असे ठेवतो. जे बदलत राहतं त्यासाठी विंडोजवर रोबोकॉपी, एमटी या पर्यायासह. ते एका वेळी आठ फाइली पाठवतं. त्याच कमांडचा एमआयआर हा पर्याय मात्र जपून वापरा. मूळ फोल्डरमध्ये जे नाही ते तो सर्व्हरवरून पुसतो. चुकून रिकामा फोल्डर दिलात तर बॅकअपही रिकामा होईल.

## ८. लॅपटॉपकडेही बघा

मूळ फाइली जिथे आहेत ती डिस्कच हळू असेल तर? कॅमेऱ्याच्या कार्डावरून किंवा जुन्या पोर्टेबल डिस्कवरून थेट सर्व्हरवर टाकत असाल, तर वेग त्या कार्डाचा मिळतो. आधी लॅपटॉपच्या एसएसडीवर घ्या आणि मग मोजा. अँटिव्हायरस प्रत्येक फाइल उघडून बघतो, छोट्या फाइलींवर ते जाणवतं. पाच मिनिटं बंद करून फरक मोजा आणि लगेच चालू करा. फरक मोठा असेल तर फक्त बॅकअपचा फोल्डर तपासणीतून वगळा.

## ९. रोज नीट चालतं, मधूनच हळू होतं

याची तीन कारणं मला भेटली.

वीज गेली. सर्व्हर झटक्यात बंद झाला की लिनक्सचा रेड पुढच्या वेळी दोन्ही डिस्क जुळवून बघायला लागतो. हे तासन् तास चालू शकतं आणि तोवर कॉपी रांगते. प्रॉक फोल्डरमधली एमडीस्टॅट फाइल वाचली की किती टक्के झालं ते कळतं. थांबवू नका, होऊ द्या. आणि सर्व्हरला छोटा यूपीएस लावा. घरातला इन्व्हर्टर पुरेलच असं नाही, काही इन्व्हर्टर बॅटरीवर जाताना इतका वेळ घेतात की संगणक बंद पडतो.

रविवार. डेबियनवर रेडची तपासणी महिन्याच्या पहिल्या रविवारी मध्यरात्रीनंतर आपोआप सुरू होते आणि मोठ्या डिस्कवर दुपारपर्यंत चालते. ती डिस्कच्या भल्यासाठीच आहे. त्या दिवशी मोठी कॉपी ठेवू नका.

उन्हाळा. पाय ४ चा प्रोसेसर ८० अंशांना पोचला की स्वतःचा वेग कमी करतो. एप्रिल-मे मध्ये बंद कपाटात ठेवलेल्या पायला हे रोज होतं. कपाटाची पाठ उघडी ठेवा, छोटा पंखा लावा. मोबाइलचा चार्जरही वापरू नका. पाय ४ ला ५ व्होल्ट ३ अँपिअरचा स्वतःचा अडॅप्टर लागतो, नाहीतर यूएसबीच्या डिस्कची जोडणी मध्येच तुटते आणि पुन्हा जुळते.

## १०. एका वेळी एकच बदल, आणि उलटीही मोजणी

वायर बदलली, मोजा. स्विच लावला, मोजा. तीन गोष्टी एकदम बदलल्या तर कशानं सुधारलं ते कधीच कळणार नाही, आणि सहा महिन्यांनी पुन्हा बिघडलं की पहिल्यापासून सुरुवात.

शेवटची मोजणी सर्व्हरवरून लॅपटॉपकडे. अडचणीच्या दिवशी फाइली त्याच दिशेनं यायच्या आहेत. तीच मोठी व्हिडिओ फाइल परत आणा, वेळ लिहा आणि ती उघडून शेवटपर्यंत चालते का बघा.

आमच्याकडे जिन्यातली वायर काढून तांब्याची कॅट-६ एकसंध ओढली आणि पाच पोर्टांचा स्विच लावला. आयपर्फवर ९४१, कॉपीला ११२. तोच १ टीबीचा फोल्डर अडीच तासांत वर गेला. हे आकडे तारखेसह लिहून सर्व्हरच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवले आहेत. बाबांना कमांड येत नाहीत, पण कॉपीचा आकडा शंभरच्या खाली दिसला की ते तो कागद बघतात आणि मला फोन करतात.